केस बिघडल्यामुळे

"हलू नकोस रे, भांग वाकडा होतोय."

आईचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. उजव्या हातात फणी, डाव्या हाताच्या चिमटीत माझी हनुवटी, आणि हनुवटी अशी घट्ट धरलेली की 'आई' म्हणायला जावं तर तोंडातून 'आऊ' निघायचं. फणी फिरवता फिरवता ती गुणगुणायची. शब्द तिचे, चाल तिच्या आईची.

काळ्या रानामधी बाई, वाट गेली नीट नीट
बाळाच्या डोईमधी, फणी माझी किती धीट

त्या काळ्या रानाचं पुढं काय झालं ते विचारू नका. वाट रुंदावत गेली. पाऊलवाटेची गाडीवाट झाली, गाडीवाटेचं मैदान झालं, आणि मैदानाच्या कडेनं, कानांच्या वर आणि मानेच्या मागं, तेवढं पिकलेलं गवत उरलं. लोक म्हणतात, आम्ही काही उन्हात केस पांढरे केलेले नाहीत. मीही केलेले नाहीत. माझे ट्यूबलाइटखाली झाले. गावोगावच्या बदल्या होत होत पाणीपट्टीच्या या कार्यालयात वरिष्ठ लिपिक म्हणून बसलो त्या दिवशी डोक्यावर जी ट्यूब होती, तीच आजही आहे. तिचंही टोक काळं पडलंय. माझ्यापेक्षा तिला कलप बरा बसला, असं म्हणायचं.

तर गोष्ट अशी झाली की अधीक्षकाची जागा रिकामी झाली. आमच्याकडे नाही, दूरच्या शाखेत. पण अधीक्षक तो अधीक्षक. स्वतंत्र खोली, फिरती खुर्ची, दारावर पाटी. पाटीवरचं नाव रंगवायचं की पितळी अक्षरांचं लावायचं, इथपर्यंत माझा विचार झालेला होता. ज्येष्ठतेनुसार मी पहिला. माझ्यामागं आमच्याच शाखेतला एक गृहस्थ, ज्याला सगळं कार्यालय 'गुळगुळीत' म्हणतं. त्याचं बोलणं गुळगुळीत, चालणं गुळगुळीत, आणि केस तर असे की माशी बसली तर घसरून कॉलरवर येईल. वयानं माझ्याएवढाच. पण पांढरा केस औषधाला सापडायचा नाही.

बुधवारी साहेब दोघांशी बोलणार होते. आमचे साहेब तरुण. इतके तरुण, की त्यांना 'साहेब' म्हणताना जीभ 'बाळ' कडे वळते आणि मला ती आवरावी लागते. शनिवारी त्यांनी मला सहज म्हणून थांबवलं. म्हणाले, "त्या शाखेला जरा तडफदार माणूस हवा हो. तुम्ही हल्ली थकल्यासारखे दिसता."

'थकल्यासारखे आहात' म्हणाले असते तर मी सगळ्या नोंदी पुढं मांडल्या असत्या. पण 'दिसता' या शब्दावर अपील नसतं. त्यातून ते बोलताना माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. दोन बोटं वर, कपाळाच्या पलीकडे बघत होते.

घरी आलो. पुढच्या खोलीत बायकोचा शिवणक्लास सुरू होता. आमच्याकडे पुढची खोली ही पाहुण्यांसाठी नसून टाचण्यांसाठी आहे. बसण्याआधी खुर्ची तपासावी लागते. एकदा न तपासता बसलो होतो, त्याची आठवण मला बसताना अजून होते. सहा-सात बायका वर्तुळ करून बसलेल्या, मध्ये बायको, गळ्यात मापाची टेप.

"बाहीचा घेर धरताना कापड ओढायचं नाही," ती सांगत होती. "कापडाला वाटेल तसं पडू द्यायचं. ओढलं की धुतल्यावर सूड घेतं."

मी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "अधीक्षक होतोय."

बायका म्हणाल्या, "अय्या! अभिनंदन, काका!" बायकोनं टेप गळ्यातून काढली, गुंडाळली.

"त्या तिकडच्या शाखेत?" तिनं विचारलं.

"तिकडच्याच. बांधाबांधीला लाग हळूहळू. तुला काय, सवयच आहे."

"आधी होऊ दे," ती म्हणाली आणि वर्तुळाकडे वळली. "हं, घेर. कुठं होतो आपण?"

मला वाटलं, बाई समजूतदार. उगाच हुरळून जात नाही.

आता प्रश्न केसांचा. सलूनमध्ये जाणं शक्य नव्हतं. आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याचा हात हलका आहे, पण तोंड त्याहून हलकं. मी कलप लावून बाहेर पडायच्या आत ती बातमी गुळगुळीतच्या घरी पोहोचली असती. कारण गुळगुळीतही तिथंच जातो, आणि तो तिथं 'फक्त दाढीला' जातो असं सांगतो. म्हणून मी ठरवलं की घरी, रविवारी, गुपचूप. कलपाचं पाकीट आणलं. पाकिटावर एका तरुणाचं चित्र होतं, ज्याला कलपाची काडीइतकीही गरज नव्हती. मागं सूचना होत्या. त्या इतक्या बारीक अक्षरांत की कलप लावायच्या वयाच्या माणसाला त्या वाचता येणारच नाहीत, अशी कंपनीनं काळजी घेतली होती.

म्हणून मी जिन्यात उभा राहून उजेडाला पाकीट धरलं. इथंच घात झाला. वरच्या मजल्यावरून मास्तर उतरत होते. हे निवृत्त रसायनशास्त्राचे मास्तर. निवृत्त झाले ते शाळेतून, रसायनशास्त्रातून नाही.

"काय वाचताय? आण इकडे." मास्तर एकाच वाक्यात माणसाला 'अहो' आणि 'अरे' दोन्ही म्हणतात. "हं. अमोनिया. पेरॉक्साइड. किती वेळ लिहिलाय? अर्धा तास? छे! अभिक्रिया अपुरी राहील. एवढ्या वर्षांचा पांढरेपणा अर्ध्या तासात कसा जाईल? दुप्पट वेळ ठेव. आणि दोन्ही पुड्या एकदम कालव."

"एकदम?"

"मी इतकी वर्षं मुलांना शिकवलंय," मास्तर म्हणाले. त्यांच्या उजव्या भुवईचा अर्धा भाग कधीच उगवलेला नाही, हे मला त्याच क्षणी दिसायला हवं होतं.

रविवारी बाथरूमचं दार लावून मी पंचा पांघरून आरशासमोर बसलो. दोन्ही पुड्या कालवल्या. वास असा आला की शेजारच्यांनी खिडकी लावली. जुन्या दातघासणीनं पुढून मागं, मागून पुढं कलप लावत गेलो. जिथं केस होते तिथं लावला. जिथं नव्हते तिथंही, आशेनं, लावला. मग वाट बघत बसलो. मास्तरांनी सांगितलेला वेळ भरत आला तेव्हा डोकं चुरचुरायला लागलं. मला वाटलं, तडफ येतेय.

धुतलं. पुसलं. पाहिलं.

केस काळे झाले नव्हते. ते जांभळ्या आणि तपकिरी यांच्यामध्ये कुठंतरी अडकून पडले होते, आणि त्यांना पुढंही जाता येत नव्हतं की मागंही. काळं झालं होतं ते सगळं इतर. कपाळ काळं, कान काळे, मधलं मैदान काळं. ओघळ येऊन डावी भुवई काळीकुट्ट, उजवी पांढरी. एका बाजूनं मी एखादा खुनशी सावकार दिसत होतो आणि दुसऱ्या बाजूनं त्याचा गरीब बाप. पांढऱ्यावर काळं करण्यातच माझी नोकरी गेली. पण इतकं वाईट अक्षर माझं कधी आलं नव्हतं.

"अहो, बाहेर या," बायको दारावर थापा मारत होती. "कसला वास येतोय? बायकांना ठसका लागलाय."

रविवारीही क्लास असतो हे मी विसरलो होतो. दार उघडलं. वर्तुळातल्या सगळ्या बायकांनी एकदम माना खाली घातल्या आणि शिवायला लागल्या. एकीच्या सुईत तर दोराही नव्हता. बायको मात्र हसली. तोंडाला पदर लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, कारण ती अशी हसलेली मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

"दगड," ती म्हणाली. "काळा दगड. बरं, आता खोबरेल चोळा."

मग उपाय सुरू झाले. खोबरेल चोळलं, डाग पसरला. क्लासमधल्या एकीनं दातांची पेस्ट सुचवली, दुसरीनं लिंबू. मास्तर वरून ओरडले, "व्हिनेगर! आम्ल लावा, आम्ल!" मी सगळं लावलं. माणसाच्या डोक्यावर जितकं किराणा सामान मावतं तितकं माझ्या डोक्यावर होऊन गेलं. कपाळाची कातडी सुटायला लागली, डाग मात्र सरकारी जागेवरच्या टपरीसारखा जिथल्या तिथं.

संध्याकाळी मेव्हणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं मशीन असतं आणि एकाचंही चार्जर नसतं.

"भाऊजी, काळजीच सोडा. ट्रिमर आहे माझ्याकडे. तीन नंबर लावतो. बाजूचे बारीक झाले की रंग दिसतच नाही. हल्ली हीच पद्धत आहे."

"तीन नंबर म्हणजे?"

"ही जाळी. ही असली की मशीन खोल जात नाही. बसा तुम्ही. मान खाली."

मान खाली घालण्याचा मला दांडगा अनुभव आहे. त्यानं डाव्या कानाच्या वरून सुरुवात केली. मशीन भुंग्यासारखं गुणगुणायला लागलं, आणि मी डोळे मिटून आईच्या फणीचा विचार करत राहिलो. एवढ्यात मेव्हण्याचा फोन वाजला. त्यानं फोन खांद्यात धरला, "हां, बोल बोल, मोकळाच आहे," म्हणाला, आणि त्या 'मोकळाच' वर जाळी निसटून माझ्या मांडीवर पडली. मशीन पुढं गेलं.

कानापासून टाळूपर्यंत एक सरळ, स्वच्छ, पांढरा रस्ता झाला. वळण नाही, खड्डा नाही. आमच्या भागात असा रस्ता दुसरा नाही.

"भाऊजी," मेव्हणा फोन ठेवून म्हणाला, "हलू नका हं." आणि मग अगदी हळू, "आता सगळंच तसं करावं लागेल."

मी म्हटलं, कर. त्यानं दुसरी बाजू धरली, अर्धी केली, आणि मशीनचा चार्ज संपला. भुंगा कण्हला आणि गप्प झाला. चार्जर अर्थातच नव्हता. मी बायकोची मोठी कात्री उचलली, तर ती वाघिणीसारखी आली.

"ती खाली ठेवा! कापडाची कात्री आहे. केसाला लावली की धार जाते तिची."

"इथं माझी अब्रू जातेय आणि तुला कात्रीच्या धारेचं पडलंय?"

"अब्रू वाढते परत," ती म्हणाली. "धार लावणारा इथं एकच चांगला आहे. तिकडे कुठं शोधू?"

'तिकडे' हा शब्द माझ्या कानावरून गेला. कान तेव्हा काळे होते. आत काही शिरत नव्हतं.

शेवटी माझ्याच दाढीच्या वस्तऱ्यानं मेव्हण्यानं उरलेलं काढून टाकलं. डोकं गुळगुळीत झालं. म्हणजे त्या गृहस्थाच्या अर्थानं नव्हे. वर काळपट डागांचा नकाशा, खाली एक काळी भुवई आणि एक पांढरी. भुवयांना हात लावायचा नाही असं मेव्हण्याला मी शपथेवर बजावलं. केसानं गळा कापणे या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग मी शाळेत केला होता. पण स्वतःच्याच केसानं, स्वतःच्याच बाथरूममध्ये, नातेवाइकाकरवी, असं काही तेव्हा सुचलं नव्हतं.

सोमवारी कार्यालयात जाणं शक्य नव्हतं. डाग जरा उतरेपर्यंत रजा घ्यायची आणि बुधवारी थेट साहेबांसमोर, असा बेत केला. हेडक्लार्कना फोन लावला. हा माणूस सज्जन आहे. सज्जन माणसाशी फोनवर बोलू नये.

खरं कारण सांगायची लाज वाटत होती, आणि खोटं सांगायची सवय नाही. म्हणून मी मोजकंच बोललो, "केस बिघडल्यामुळे आज येता येत नाही."

आता बघा. 'केस बिघडले' म्हटलं असतं तर ते डोक्यावरचे झाले असते. 'केस बिघडली' म्हटलं असतं तर ती दवाखान्यातली झाली असती. पण 'बिघडल्यामुळे' या शब्दाला ना लिंग ना वचन. तो बिचारा दोन्ही घरचा पाहुणा. माझ्या तोंडून एका घरून निघाला आणि हेडक्लार्कच्या कानात दुसऱ्या घरी उतरला.

पलीकडे खुर्ची सरकली. मग आवाज अगदी खाली आला. "कधी कळलं?"

"काल. धुतल्यावर."

"धुतल्यावर..." हेडक्लार्क पुटपुटले. "पसरलंय का?"

"कपाळापासून कानांपर्यंत."

"अरे देवा! मग आता पुढं?"

"पुढं काय? काढून टाकलं सगळं. मेव्हण्यानं."

"मेव्हणे डॉक्टर आहेत?"

"नाही हो. त्याच्याकडे मशीन आहे."

"घरी?" हेडक्लार्क हबकले. "आजकाल काय काय घरी व्हायला लागलंय! आणि वहिनी? त्यांना कल्पना आहे?"

"सगळं तिच्यासमोरच झालं. अजून हसतेय."

"अहो, धक्का असतो तो. हसूच येतं माणसाला. जपा त्यांना," हेडक्लार्क म्हणाले. रजेचं मी बघतो, असंही म्हणाले. मला वाटलं, केसांबद्दल इतका कळवळा असलेला माणूस या कार्यालयात आहे, आणि मी उगाच सगळ्यांना दगड समजत होतो.

मंगळवारही घरीच काढला. बुधवारी टोपी घालून निघालो. कार्यालयाच्या दारात हजेरीचं नवं यंत्र आहे. समोर चेहरा धरायचा, ते ओळखतं, दार उघडतं. मी चेहरा धरला. यंत्र म्हणालं, "पुन्हा प्रयत्न करा." टोपी काढून धरला. यंत्र म्हणालं, "व्यक्ती अनोळखी." यंत्रातल्या बाईचा आवाज इतका मंजूळ होता की अपमान कळायलाही वेळ लागला.

पहारेकऱ्यानं मला आस्थापना विभागात नेलं. तिथली बाई म्हणाली, चेहरा बदलला असेल तर चेहरा बदलल्याचा अर्ज करा.

"करतो. द्या कागद."

"तो ज्यांची आज हजेरी लागली आहे त्यांनाच देता येतो."

"हजेरी लागत नाही म्हणूनच तर अर्ज करतोय!"

"बरोबर आहे," बाई म्हणाली. तिला माझं म्हणणं पूर्ण पटलं होतं, आणि त्यामुळे तिच्यात तसूभरही फरक पडत नव्हता. ओळखपत्र दाखवलं. तिनं त्यावरचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा फोटो पाहिला, आणि म्हणाली, "हे कोण?"

तेवढ्यात हेडक्लार्क धावत आले. त्यांनी बाईच्या कानात काहीतरी सांगितलं. बाई ताडकन उभी राहिली. स्वतःची खुर्ची मला दिली. पाणी आलं. खिडकी उघडली गेली. कोणीतरी म्हणालं, पंखा नको, वारा लागेल. हजेरी हातानं लागली.

मी चकित झालो. शिपाई, ज्यानं आजवर माझ्यासाठी घंटेला मान वळवली नव्हती, माझ्या हातातली पिशवी घेऊन पुढं चालायला लागला. जिन्यात लोक बाजूला झाले. गुळगुळीत समोरून आला, त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला, आणि त्याचे डोळे भरून आले. "तुम्ही आलात," एवढंच म्हणाला.

आणि मी, मूर्ख माणूस, माझ्या डोक्यावरून हात फिरवत विचार करत होतो, की टकलात काहीतरी तेज असतं खरं. एवढी वर्षं उगाच चार केसांना जपलं. अधीक्षकाला असंच डोकं हवं. पितळी पाटी आणि पितळी डोकं.

साहेबांच्या खोलीत गेलो तर साहेब उभे राहिले. माझ्यासाठी. नोकरीत पहिल्यांदा.

"बसा, बसा. तुम्ही आलात हेच खूप झालं."

मी बसलो, तडफदार. "साहेब, त्या शाखेबद्दल मी एक योजना तयार केली आहे. थकबाकीच्या वसुलीत—"

"ते सगळं सोडा आता," साहेब इतक्या हळुवारपणे म्हणाले, की मला त्यांच्या तोंडून 'बाळ' ऐकू येईल असं वाटलं. "तुम्हाला आता दगदग नको. मी कालच निर्णय घेतला. त्या जागेवर यांना पाठवतोय." आणि त्यांनी दाराकडे मान वळवली. दारात गुळगुळीत उभा होता, डोळे पुसत. "तुमच्यासाठी हलकं काम बघितलंय. खाली तळघरात, जुन्या नोंदी. शांत जागा आहे. कोणी त्रास देणार नाही."

"पण का?"

साहेबांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्कनी जमिनीकडे पाहिलं. "तुमची ती... केस," साहेब म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि वर काहीच नसल्यामुळे तो थेट आतपर्यंत गेला. मी उठलो. ओरडलो. "साहेब, केस म्हणजे केस! हे! डोक्यावरचे! कलप लावला होता मी! मला काहीही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे!"

कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साहेबांचा चेहरा हळूहळू मऊपणातून कडकपणाकडे आला. माझ्या कलपाचा रंगसुद्धा इतक्या ठामपणे बदलला नव्हता.

"म्हणजे तुम्ही कलपासाठी आजारपणाची रजा घेतलीत?"

"मी 'आजारपण' म्हणालोच नव्हतो!"

"हेडक्लार्क, यांची रजा कशी नोंदवली आहे?"

"गंभीर आजार, साहेब," हेडक्लार्क पुटपुटले.

"मग दोनच गोष्टी," साहेब म्हणाले. "एक तर तुम्ही आजारी आहात, आणि माझी तुम्हाला सहानुभूती आहे. नाहीतर तुम्ही आजारी नाही, आणि मला तुमच्याकडून लेखी खुलासा हवा. बदलीचा आदेश तर काही झालं तरी निघालेलाच आहे. काय आहात तुम्ही?"

मी डोक्यावर टोपी घातली. "आजारी आहे," म्हटलं.

जिना उतरताना हेडक्लार्क मागून आले. बिचाऱ्यांना घाम फुटला होता. "मी आपणहून नाही हो केलं. साहेब म्हणाले, नीट खात्री करा, मगच ठरवू. म्हणून काल दुपारी तुमच्या घरी फोन केला मी. खात्री करूनच सांगितलं."

काल दुपारी मी डागावर लिंबू चोळत गच्चीवर उन्हात बसलो होतो.

घरापर्यंत चालत आलो. वाटेत मेव्हण्याला किती प्रकारे मारायचं याचे बेत केले. फोन त्यानंच घेतला असणार. मशीन हातात आलं की चालवायचं, हा त्याचा स्वभाव. नाहीतर मास्तरांनी. 'अभिक्रिया पूर्ण झाली' म्हणाले असतील. सलूनवाल्याचं दुकान ओलांडताना तो बाहेर आला, माझ्या टोपीखाली डोकावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलला नाही.

क्लास सुटला होता. पुढच्या खोलीत चिंध्या, दोरे आणि अर्धवट बाह्या पडल्या होत्या. बायको मशीनवर वाकून सुईत दोरा घालत होती. मी टोपी भिरकावली. खुर्ची न तपासता बसलो. आज टाचणीची हिंमत नव्हती.

"गेली," मी म्हटलं. "जागा गेली. गुळगुळीतला दिली. मला तळघरात टाकलंय."

तिनं दोरा ओठांत ओला केला. पुन्हा घालून बघितला. गेला नाही.

"काल दुपारी हेडक्लार्कचा फोन आला होता इथं. कोणी घेतला? तुझ्या भावानं?"

"तो काल इथं कुठं होता?"

"मग मास्तर?"

"मी घेतला," ती म्हणाली.

मशीनचं चाक तिच्या हाताखाली उगाचच अर्धं फिरलं आणि थांबलं.

"तू? अगं मग त्यांना सांगितलं नाहीस, की केस म्हणजे डोक्यावरचे? एक शब्द! एका शब्दात सगळं निस्तरलं असतं. काय विचारलं त्यांनी?"

"रडत होते ते. पहिल्यांदा मला कळेचना काय बोलतायत. मग कळलं."

"कळलं? आणि तरी?"

"हसायला येत होतं मला. सांगणारच होते. तोंडापर्यंत आलं होतं." तिनं सुई सोडून दिली आणि दोरा बोटाला गुंडाळत राहिली. "तेवढ्यात ते म्हणाले, वहिनी, खरं सांगा, आता ही बदली झेपेल का?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही झेपणार."

"अगं पण मला झेपली असती! मी ठणठणीत—"

"तुमचं कुठं सांगितलं मी?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता; क्लासमध्ये घेर समजावताना असतो तसाच होता. "नव्या गावात नवी भिंत शोधायची, तिच्यावर 'शिवण शिकवून मिळेल' लिहायचं, आणि दार उघडं टाकून बसायचं, कोणी येतंय का बघत. पहिली बाई यायला किती महिने लागतात, ठाऊक आहे तुम्हाला? आल्या, शिकल्या, बाही जमायला लागली की तुमचा हुकूम निघतो. मी दर वेळी बांधाबांध केली. या वेळी माझ्याच्यानं होणार नव्हतं. मी माझं सांगितलं, अहो. इतक्या वर्षांत ते मला कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं."